रविवारची टोचणारी गाणी

माझ्या हौसेच्या इंटरनेट रेडिओवर रविवारी दुपारी दोन तास रॉक वाजतं. नुसतं रॉक. भावगीत, भक्तिगीत, आठवणीतली गाणी मिळणार नाहीत, आणि फर्माईश केली तर अजिबातच मिळणार नाहीत. सोलापुरात हे ऐकतं कोण, असं ऑफिसातले विचारतात. खरं सांगायचं तर सोलापुरात कोणीच ऐकत नाही. नाशिक, बेळगाव, कोलकाता असे कुठकुठले मूठभर लोक ऐकतात आणि चॅटवर एकमेकांशी भांडतात. त्या मूठभरांसाठी मी आठवडाभर जिवाचं रान करतो.

गाणी पाठवणारे बँड अगदी छोटे. घरात, गॅरेजात रेकॉर्ड करतात आणि वाजवायच्या परवानगीसकट फाइल धाडतात. कुणाचा आवाज ढगात, कुणाचा पाताळात. म्हणून प्रत्येक गाणं आधी कानाने नीट करून घ्यायचं, कुठे गिटार बुजली, कुठे ड्रम अंगावर येतात ते बघायचं, आणि मग यादीत घालायचं. यादी तरी एका जागी कुठे राहते? सोमवारी सुरुवातीला असलेलं गाणं बुधवारी शेवटी जातं आणि शनिवारी हाकललं जातं. जेवतानाही माझा पाय हलत असतो, त्याने टेबल हलतं आणि आमटी सांडते.

"तुमाला बूड टेकून बसताच येत न्हाय," बायको म्हणते. ती माळशिरसकडची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी माझ्या संगीताचा तिचा तिटकारा तसूभर कमी झालेला नाही. कार्यक्रम सुरू झाला की ती स्वयंपाकघराचं दार लावून घेते.

मागच्या उन्हाळ्यात मला गाणी मळकट वाटायला लागली. ड्रमच्या झांजा तर गोधडीत गुंडाळून वाजवल्यासारख्या. ही नवी पोरं रेकॉर्डिंगला कंटाळा करतात, असं मी ठरवूनच टाकलं आणि ट्रेबल, म्हणजे आवाजाची बारीक, तीक्ष्ण बाजू, थोडी वाढवली. पुढच्या आठवड्यात आणखी थोडी. मग एका रविवारी सगळं कसं लख्ख वाटलं. मी खुशीत चॅट उघडलं, तर बेळगावच्या जुन्या श्रोत्याने लिहिलं होतं, "दादा, कान फाटले." त्याखाली नाशिकवाल्याने लिहिलं होतं की त्याने हेडफोन काढून ठेवलेत.

माझं डोकंच फिरलं. "फुटपाथवरचे हेडफोन घ्यायचे आणि मला शिकवायचं?" असं लिहून पाठवूनही दिलं. नाशिकवाला त्या दिवसापासून आला नाही. मग हळूहळू बाकीचेही गळायला लागले. दोष यादीत असेल असं धरून मी यादी उलटीपालटी करत बसलो. हे वर, ते खाली, परत हे वर. ऑफिसात साहेब बोलत असायचे आणि माझ्या डोक्यात गाण्यांच्या जागा बदलत असायच्या.

अशाच एका दुपारी मी स्पीकरवर गाणं लावून बघत होतो. बायको पिठाच्या हातांनीच कान दाबून बाहेर आली.

"अवो, बंद करा की ते! दात शिवशिवायला लागले."

"एवढा मोठा नाहीये आवाज."

"मोठा न्हाय वो, टोचतंय. ते काय ते, च्युई च्युई करतंय बगा."

मी गाणं मागे घेतलं. परत ऐकलं. ड्रम होते, गाणारा होता, बास होता. च्युई कुठेच नव्हतं.

"आत्ता वाजलं का?" मी विचारलं.

"मगाधरनं वाजतंय की," ती म्हणाली.

दवाखान्यात कान तपासायला मला एका काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला मी भराभर दाबत होतो, शाळेत उत्तर येणाऱ्या पोरासारखा. मग आवाज यायचे थांबले. संपलं वाटतं, म्हणून मी काचेपलीकडे पाहिलं. तपासणाऱ्या बाईंचं बोट यंत्रावर पडत होतं, उठत होतं, परत पडत होतं.

डॉक्टरांनी विचारलं, गोंगाटात काम करता का? मी कारकून. पण नोकरीला लागल्यापासून ज्या खोलीत भाड्याने राहिलो, तिच्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना होता. कारखाना दिसू नये म्हणून खिडकी लावता येते, त्याची खडखड ऐकू येऊ नये म्हणून काय लावणार? मी हेडफोन लावायचो, पूर्ण आवाजात. वर्षानुवर्षं. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेले ते आता परत येणार नाहीत. कानाच्या मशीनने बोलणं नीट ऐकू येईल, पण गाणं पूर्वीसारखं ऐकू येईल याची खात्री नाही.

येताना रिक्षात मला रडू आलं. घरी पोचताच स्टेशन बंद करत असल्याची सूचना लिहायला बसलो. गाणं नीट करायला कान लागतात, आणि ते माझ्याकडे उरले नव्हते. बायकोने मागे उभं राहून ती वाचली.

"बंद कशापायी? मला येतंय की ऐकू."

"तुला आवडत नाही ते."

"आवडायचं कशाला? टोचतंय का तेवडंच सांगायचं न्हवं?"

त्या शनिवारी ती मेथीची जुडी घेऊन माझ्या शेजारी बसली. मी ट्रेबल उतरवत गेलो आणि तिच्या कपाळाकडे बघत राहिलो. आठी दिसली की आणखी उतरवायचं, गेली की थांबायचं. "हे टोचतंय." "हे बरं हाय." "हा बाबा वरडतोय कशाला, पण चालंल." मेथी निम्मी निवडून झाली तोवर अर्धी यादी झाली होती.

मग इंफाळच्या एका बँडचं संथ गाणं आलं. तिने काडी हातात तशीच धरून ठेवली. गाणं संपलं. मी पुढचं लावायला हात पुढे केला, तर तिने माझं मनगट धरलं.

"थांबा की. अजून वाजतंय."

मला काहीही ऐकू येत नव्हतं. तिने मनगट सोडलं नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत बसून राहिलो, संपलं म्हणून ती मान हलवेपर्यंत.