मामाच्या हातचा घास

मैंदर्गीच्या कमलम्माची जीभ म्हणजे कातर. बाजारात कुणाचं माप कमी भरलं, की ती चार माणसांत त्याची हजेरी घ्यायची. त्याच जिभेनं तिनं एकदा सख्खा भाऊ तोडला.

त्यांच्यात मामाशी सोयरीक करायची रीत. कमलम्माही आपल्याच मामाला, शिवयोगीला दिलेली. पहिला मुलगा झाला, चांगला गुटगुटीत. सहाव्या महिन्यात त्याचं उष्टावण झालं आणि रीतीप्रमाणे खिरीचा पहिला घास बाळाच्या मामानं, निंगप्पानं भरवला. महिन्याभरात पोर पांढरंफटक पडू लागलं, पोट फुगलं. दोन वर्षांचं होऊन ते गेलं. कमलम्मा भर अंगणात भावाला म्हणाली, "तुझ्या हातानं गेलं माझं लेकरू. पुन्ना ह्या उंबऱ्यावर पाय ठिवू नगंस." निंगप्पा मान खाली घालून गेला, तो चार वर्षं फिरकला नाही.

चौऱ्याहत्तर साली मुलगी झाली. या वेळी कमलम्मानं कानाला खडा लावला. उष्टावण नाही, मामा नाही, अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही. शेजारणींनी समजावलं, तर त्यांनाच फटकारलं. पण नवव्या महिन्यात पोरीचेही ओठ पांढरे पडले. आता बोल लावायला कुणीच उरलं नव्हतं, आणि कमलम्मा मुळापासून हादरली.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं. "पोटात असताना बाळाचं रक्त एका तऱ्हेनं बनतं. जन्मानंतर शरीर ती तऱ्हा हळूहळू बंद करतं आणि दुसरी चालू करतं. सहाव्या महिन्याच्या सुमारास हे सगळ्यांच्यात होतं. हिची दुसरी तऱ्हाच सदोष आहे. तो दोष तुम्हा दोघांकडून आलाय, नात्यातल्या लग्नातून. घासाचा काही संबंध नाही. उलट पोर उपाशी राहिली."

"पयली तऱ्हा मोडली का?"

"नाही. शरीरात आहे, फक्त बंद आहे."

"मग उघडा की ती!" कमलम्मानं त्यांचा हातच धरला. "लई उपकार हुतील. उघडा की!"

"कशी उघडायची ते अजून जगात कुणालाच ठाऊक नाही, बाई. महिन्या-महिन्याला बाहेरचं रक्त द्यायचं. पुढचं मला सांगता येत नाही."

रक्त हवंय हे गावात कळलं आणि न बोलावता निंगप्पा आला. त्याचं रक्त जुळलं. बाटली देऊन तो पोरीच्या खाटेपाशी अंग चोरून उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी मऊ भात द्यायला सांगितला होता. कमलम्मानं वाटी धाकट्या भावापुढं केली. "तम्मा, तू भरव."

त्यानं दोन्ही हात मागं नेले. "नगं, अक्का. माजं पोर दीड वर्साचं झालं. अजून त्येला म्या ह्या हातानं घास दिला न्हाय."

कमलम्माला रडूसुद्धा येईना. पोरीच्या जिवाचं काही तिच्या हातात नव्हतं. भावाचा जीव मात्र तिनंच चार वर्षं जाळला होता. वाटी तशीच टाकून ती व्हरांड्यात धावली. "बाई! मला सांगितलं ते ह्येला बी सांगा की. पयल्यापास्नं सगळं सांगा!"