कळसूबाईची पोर

आमच्या अकोले तालुक्यातली माणसं नवरात्रात कळसूबाईला, राज्यातल्या सगळ्यात उंच डोंगरावर, जातात. सहावीत असताना मी अनवाणी, मधे कुठंही न टेकता वर गेले. बाबांना त्याचं एवढं कौतुक, की घरी आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी तेच ऐकावं लागायचं. पुढच्या उन्हाळ्यात बाबांच्या मित्रांबरोबर लडाखला निघालो, तेव्हा मला सर्दी झालेली. आई म्हणाली, "पोरीला बरं तरी वाटू द्या." बाबा म्हणाले, "कळसूबाईची पोर हाय ती. तिला काय हुतंय!"

विमानानं थेट लेहला उतरलो. विरळ हवेची सवय व्हायला दोन दिवस नुसतं पडून राहा, असं सगळ्यांना बजावलं होतं. पण आमची सुट्टी तोकडी. दुसऱ्याच दिवशी गाडी घाटाला लागली. माझं डोकं ठणकत होतं, गरगरत होतं. पुढच्या सीटवरून बाबा माझ्या शेजारी बसलेल्या मित्राला सांगत होते, "तुमच्या पोरांकडं बघा. आमची वाघीण हाय." आता अशा बापाला 'मला गरगरतंय' कुठल्या तोंडानं सांगायचं? मी ब्रसुद्धा काढला नाही.

मग मी त्या मित्राच्या अंगावरच ओकले. खाली उतरवलं तर पाय भलतीकडंच पडायला लागले. बाबांचा चेहरा पांढराफटक. गाडी तशीच माघारी फिरवली. मला मांडीवर धरून ते वाटभर एकच म्हणत होते, "बोल गं, बोल ना."

दवाखान्यात ऑक्सिजन लावल्यावर डॉक्टरबाईंनी बाबांना चांगलंच फैलावर घेतलं. सर्दी झालेलं लेकरू, थेट विमानानं आणलेलं, वर लगेच आणखी उंच नेलं! मुलं सांगत नाहीत, मोठ्यांनी बघायचं असतं. बाबांनी चाचरत कळसूबाईचं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुमचा डोंगर इथल्या नदीपेक्षाही खाली आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गावी परतल्यावर शेजारच्या काकांनी विचारलं, "काय, लई उंच गेल्तात म्हनं?" मी दारातच होते. बाबा हसून म्हणाले, "कसलं काय! मलाच चक्कर आली. माझ्यापायी सगळे माघारी फिरले."

अजूनही लग्नाकार्यात जिना चढताना कुणीतरी त्यांना म्हणतंच, "जपून हां, लडाखवाले!" सगळे खदखदतात, बाबाही हसतात. मी आता चांगली नोकरी करणारी बाई, त्यांच्या शेजारीच असते. 'ती मी होते', एवढं म्हणायला अजून माझी जीभ उचलत नाही.