पांढऱ्यात खोबरं जास्त झालंय

शहरातल्या हॉटेलांबद्दल माझं मत मला कुणी विचारत नाही, तरी मी सांगतो. खोडच आहे ती. मेनूकार्डावर पदार्थांचे रंगीत फोटो दिसले की मी उठून बाहेर पडतो. ज्याला फोटो बघून भूक लागते त्यानं तिथं खुशाल बसावं. पनीर कोल्हापुरी नावाची भाजी कोल्हापुरातच, कोल्हापूरच्याच माणसांना विकायचं धाडस ज्यानं पहिल्यांदा केलं, त्याला मला एकदा भेटायचं आहे. मिसळीबरोबर हल्ली काही ठिकाणी पाव ठेवतात, आपल्याकडं ब्रेड असतो हे आपणच सांगायचं. एसी इतका गार, की तांबड्या रश्शावरचा कट वाटीतच थिजतो. पांढरा रस्सा चिनी मातीच्या बारक्या वाडग्यात येतो, वर कोथिंबिरीचं एक पान टाकून, आणि दुसऱ्यांदा मागितला की वेटर मालकाच्या तोंडाकडं बघतो. अंबाबाईचं दर्शन करून आलेले पाहुणे त्याचे चारी बाजूंनी फोटो काढतात आणि गार झाल्यावर पितात. त्यांना काय बोलणार?

मालकांना मात्र बोलायचो, तोंडावर बोलायचो. शाळेच्या कार्यालयात कारकुनी करण्यात जन्म गेला. हेडमास्तरांपुढं कधी आवाज चढवला नाही. पण ताट पुढं आलं की माझा मीच राजा. भाकरी कडेला कच्ची आहे, सुक्क्यात चटणी करपली आहे, हे आसपासच्या चार टेबलांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगायची मला सवय होती. काही मालक हात जोडायचे, काही चिडायचे. एकानं तर "पावणं, दुसरीकडं जावा की मग," असं सुनावलं होतं. त्याचंही मला कौतुक वाटलं होतं, कारण त्याची भाकरी खरंच चांगली होती.

या जिभेनं मी एका माणसाचं काय केलं, ते मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माझा धाकटा भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. सूतगिरणीत कामाला होता, पण हात स्वयंपाक्याचे. आमच्याकडं रविवारचं मटण कितीतरी घरांत पुरुषच करतात, त्यात विशेष काही नाही. पण त्याला आईनं शिकवलं होतं, सुना घरात यायच्याही आधी, जवळ बसवून. मटण शिजताना वरचं आळणी पाणी कधी काढायचं, खोबऱ्याचं दूध कधी घालायचं, घातल्यावर पळी कशी हलती ठेवायची. मलाही तिनं शिकवायचा प्रयत्न केला होता. मी चाखण्यापलीकडं गेलो नाही.

आम्हा दहा-बारा जणांचं एक रस्सा मंडळ होतं. मंडळ म्हणजे ना नोंदणी ना अध्यक्ष. एखाद्या रविवारी कुणाच्या तरी शेतात तीन दगडांची चूल मांडायची, मटण शिजवायचं आणि पोट भरून रस्सा प्यायचा. भाऊ करणार आणि मी चाखणार, हे ठरलेलं. पांढऱ्याची पहिली वाटी माझ्या हातात यायची. तोवर कुणी तोंड लावायचं नाही. मी घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि एक खोट काढायची. काढायचीच. "मिरं कमी पडलंय." "आळणी अजून उकळाय पायजे हुतं." की लगेच सगळे हसायचे, भाऊ पळी घेऊन माझ्या अंगावर धावायचा, आणि मी रिकामी वाटी त्याच्यापुढं धरायचो. दुसऱ्यांदा पुढं केलेली ती वाटी म्हणजे शाबासकी. तोंडानं कौतुक करायची पद्धत मंडळात नव्हती. कुणी सरळ "झकास झालाय" म्हणाला असता, तर याला झालंय काय म्हणून आम्ही त्याच्याकडं बघत राहिलो असतो.

सूतगिरणी बंद पडली. भाऊ दोन महिने घरात बसून राहिला आणि मग एके दिवशी येऊन म्हणाला, "दादा, हॉटेल काढतोय." गगनबावड्याच्या रस्त्याला, शहर संपतं तिथं, त्यानं एक गाळा भाड्यानं घेतला. आठ टेबलं. घाटाकडं जाणाऱ्या गाड्या त्याच रस्त्यानं जातात, पावसाळ्यात तर रांग लागते. चटणी घरची, भावजयीनं कुटून आणलेली. भाकरीलाही तीच उभी राहणार होती. आईचा रस्सा शहराला पाजायचा, एवढीच त्याची कल्पना होती. मलाही ती पटली होती.

उद्घाटनाच्या दिवशी पहिली पंगत घरच्यांची आणि मंडळाची. पण आत परकी माणसंही होती. गिरणीतले त्याचे जुने सोबती, शेजारचे दुकानदार, कोकणात निघालेली दोन गाड्यांतली अनोळखी माणसं. भावानं नवा शर्ट घातला होता आणि खांद्यावर टॉवेल. पहिली वाटी तो स्वतः घेऊन आला आणि माझ्यासमोर ठेवून उभा राहिला.

मी घोट घेतला. तो आईचा रस्सा होता. तिच्यासारखा वगैरे नाही, तिचाच. खोबऱ्याचं दूध, तीळ, खसखस सगळं इतकं एकजीव झालं होतं, की वेगळं काही ओळखू येत नव्हतं. घशाखाली मऊ उतरायचा आणि मागून सावकाश मिऱ्याचा चटका. आईला जाऊन अकरा वर्षं झाली होती. माझे डोळे भरून आले, म्हणून मी ते मिटले. मंडळाची माणसं वाट बघत होती. त्यांना मी आता काय म्हणतो याची सवय होती, आणि मलाही. मी मोठ्यांदा म्हणालो, "पांढऱ्यात खोबरं जास्त झालंय."

हशा पिकला. भाऊही हसला. मी वाटी पुढं केली तोवर गिरणीतल्या कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो वळला. दुसरी वाटी मला वेटरनं भरून दिली. मग तिसरी. भावानं त्या दोन्ही बघितल्या नाहीत.

पुढच्या रविवारी गेलो तर रस्सा पातळ लागला. भाऊ टॉवेलला हात पुसत आला. "आता कसा हाय दादा? खोबरं निम्मं केलंय." त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. शेतात पळी घेऊन धावणारा भाऊ हा नव्हता. गिऱ्हाइकाला विचारावं तसा तो मला विचारत होता. इथं मी शहाणं व्हायला हवं होतं. आरं येड्या, गंमत केलेली, पहिला होता तसाच कर, एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण शेजारच्या टेबलावरची माणसं माझ्याकडं बघत होती आणि मला ते बरं वाटत होतं. जन्मभर दुसऱ्याच्या सहीसाठी कागद पुढं करणाऱ्या माणसाला कुणीतरी निकाल विचारत होतं. मी म्हणालो, "आता पातळ झालाय."

दर रविवारी हेच. पातळ म्हणालो म्हणून त्यानं खसखस वाढवली. मग जड लागायला लागला, तेही मी सांगितलं. मग त्यानं मिरं चढवलं. आता मी खोट शोधत नव्हतो, ती खरंच होती, आणि दर आठवड्याला नवी होती. माझंच म्हणणं खरं निघतंय याचं मला समाधान वाटायचं. त्या समाधानाची आज शिसारी येते.

भावाचं हॉटेल काही एका दिवसात बसलं नाही. पहिल्या पावसाळ्यात चांगली गर्दी होती. दुसऱ्या पावसाळ्यात माणसं यायची आणि म्हणायची, "गेल्या वर्षी आलतो तवा रस्सा लई भारी हुता." हे वाक्य मी स्वतः माझ्या कानांनी ऐकलं, दोनदा ऐकलं, आणि भावाला म्हणालो, "बघ, मी सांगतोय ते लोकबी सांगाय लागलेत." तिसऱ्या वर्षी गाड्या समोरून निघून जायला लागल्या. एका रविवारी आठांपैकी एकाच टेबलावर माणूस होता, आणि तो मी होतो.

बंद करायचं ठरल्यावर सामान उचलायला मी गेलो होतो. भाऊ टेम्पो आणायला गेला होता. भावजय ओट्यापाशी मोठी पातेली पालथी घालत होती. तिनं कधी माझ्यापुढं तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी पातेल्याकडं बघतच म्हणाली, "दादा, सोमवारी मटण नसायचं. सुट्टी असायची. हे एकटेच हितं यायचे. रविवारचं उरलेलं आळणी घेऊन बारक्या पातेल्यात पांढरा करायचे, चाखायचे आणि मला विचारायचे, दादा काय म्हणंल गं? मी म्हणायची, तुमच्या जिभेला कसा लागतोय ते सांगा की. तर म्हणायचे, माझ्या जिभेला काय कळतंय."

मी दोन पातेली उचलून बाहेर नेली. तिनं मला दोष दिला असता तर मी भांडलो असतो, भांडणं मला जमतं. तिनं दोष दिला नाही.

भाऊ आता जयसिंगपूरला एका धान्याच्या दुकानात काम करतो. तिथंच राहतो. रविवारी मटण आणून देतो आणि बाहेर कट्ट्यावर जाऊन बसतो, असं भावजयीकडून कळलं. घरी मटण आता ती करते. तो चुलीपाशी जात नाही. मंडळही आपोआप बंद झालं, कारण करणाराच नाही. मी मधल्या काळात बाहेर जेवायला गेल्यावर तक्रार करायचं बंद केलं. बायकोला वाटलं, वयामुळं शांत झालो.

गेल्या महिन्यात भाऊ डोळे दाखवायला कोल्हापूरला आला होता. दवाखान्यातून निघालो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मी म्हटलं, चल, जेवून जा. राजारामपुरीतल्या एका नव्या हॉटेलात गेलो. तेच सगळं, रंगीत फोटोंचं मेनूकार्ड, गार हवा, बारके वाडगे. मी उठून गेलो नाही. दोन मटण थाळ्या आल्या. पांढऱ्याचा घोट घेतला आणि मला कळलं की यांनी पीठ लावून दाट केलाय. भाऊही प्याला. त्याला माझ्याआधी कळायला हवं होतं. मी विचारलं, "कसा हाय रं?"

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "तू सांग की. मला चवीतलं काय कळतंय दादा."

इतक्या साधेपणानं म्हणाला, की घास माझ्या हातातच राहिला. टोमणा असता तर मी सोसला असता. पण त्यानं टोमणा मारला नव्हता, त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याला तसं वाटायला मी लावलं होतं, तीन वर्षं, दर रविवारी, स्वतः जाऊन.

मग मला थांबवेना. मी म्हणालो, "हे पिठाचं पाणी हाय. तुझ्या रश्शाची सर नाय ह्येला. उद्घाटनाच्या दिवशी तू पाजलास तो आईचा रस्सा हुता. मी डोळे मिटले ते रडू येत हुतं म्हणून. खोबरं बरोबर हुतं. सगळं बरोबर हुतं. मी उगंच बोललो, मंडळात बोलायचो तसं. तीन वाट्या पिलोय मी त्या दिवशी. तू बघितल्या न्हाईस." माझा आवाज चढला होता. शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. मला कशाची पर्वा नव्हती. "आरं, कोल्हापुरात तुझ्यासारखा पांढरा कुणाला येत न्हाय. मी सांगतोय तुला."

भावानं भाकरीचा तुकडा मोडला. मला वाटलं, रडेल, चिडेल, ताट सारून उठेल. यातलं काहीही झालं असतं तर बरं झालं असतं.

"असू दे की दादा," तो म्हणाला. "आता झालं त्ये झालं. माझ्या हाताला चव न्हाय, ते तू येळेवर सांगितलंस. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं."

"आरं पण मी खरं सांगतोय."

"व्हय," तो म्हणाला, आणि लहानपणी मी त्याची समजूत घालायचो तसा हसला. "माझ्यासाठी एवढं खोटं बोललास, लई झालं. जेव आता, गार होतंय."