सहा पांढऱ्या बरण्या

वीजबिलांच्या कचेरीत त्याला ‘ओळंबा’ म्हणत. सूचनाफलकावरची ओळ केसभर तिरकी असली तरी त्याचा जीव वरखाली व्हायचा. साहेबांच्या दारावरची पाटी त्याने न विचारता दोनदा उतरवून पुन्हा लावली होती. अक्षरांची वळणं, त्यांच्यातली अंतरं, कोरा समास, हे सगळं तो वाचनालयातली पुस्तकं चाळून शिकला. कुणी शिकवलं नाही, कुणी विचारलंही नाही. बायको तेवढी ऐकून घ्यायची. “माझा भांग तरी सरळ आहे ना? बघा एकदा,” म्हणून हसायची.

तिची औषधं टेबलावर पसरलेली असत. पिवळा खोका, कोपरा फाटलेला खोका, लाल पट्ट्याची बाटली. ती गर्दी त्याच्या डोळ्यांत खुपे. तीन रविवार खपून त्याने सहा सारख्या पांढऱ्या बरण्या तयार केल्या. प्रत्येकीवर एकच शब्द. बारीक, राखाडी, भोवती भरपूर मोकळी जागा. दाब. साखर. झोप. बाकीचा मजकूर म्हणजे नुसता पसारा. खोके त्याने कचऱ्यात टाकले.

“देखणं झालंय हो,” ती म्हणाली. “पण मला आपला रंगच बरा कळायचा.”

“होईल सवय.”

तिने पुन्हा विषय काढला नाही. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा असा उजळला होता.

नवव्या दिवशी तो कचेरीतून आला, तर ती घामाने निथळून खुर्चीत कलंडलेली. समोर ‘साखर’ची बरणी उघडी. दाबाची समजून तिने दिवसभर त्याच गोळ्या घेतल्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गोळी कुठली, किती मिलीग्रॅमची? खोका दाखवा.”

त्याने खिशातून बरणी काढली. बाईंनी ती फिरवून फिरवून पाहिली.

“अहो, यावर ‘साखर’ सोडून काहीच लिहिलेलं नाही.”

“नाही,” तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती जराशी शुद्धीवर आली. उशाशी तिची धाकटी बहीण होती. “माझाच वेंधळेपणा गं,” ती तिला म्हणाली. “चष्मा नव्हता लावला.” संध्याकाळी ती गेली.

बहीण येणाऱ्याजाणाऱ्याला तेच सांगत राहिली. माणसं हळहळत, त्याच्या पाठीवर हात ठेवत. आठ दिवस तो गप्प ऐकत होता.

“भावोजी, तुम्ही नका जिवाला लावून घेऊ,” निघताना ती म्हणाली. “ताईला चष्म्याचा कंटाळाच होता.”



“मी दार उघडलं ना,” तो म्हणाला, “तेव्हा चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता.”