मेश्राम मॅडमचा तलावाच्या पाळीवरचा वर्ग

मेश्राम मॅडम आज सकाळी गेल्या. रविवारचा वर्ग मात्र रद्द झालेला नाही.

हे आधीच सांगून टाकतो, कारण दुपारपासून फोन येऊन राहिले. निम्मे हळहळायला, निम्मे "आता त्या मूर्तीचं काय?" विचारायला.

दुसरे मला जास्त आवडले. मॅडमनाही आवडले असते.

चहा ठेवायला उठल्या आणि गेल्या. कोणाला त्रास नाही. जिवंतपणी मात्र त्यांनी त्रास द्यायचं कोणालाच सोडलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या कॉलेजात त्या कलेचा इतिहास शिकवायच्या. मी शेजारच्या खोलीत मराठी. त्यांच्या वर्गात चार पोरं, त्यातली दोन पंख्यासाठी.

पहिल्याच वर्षी मी शहाणपणा केला. "मॅडम, राइस मिलच्या मुलखात हा विषय शिकून पोरं करतील काय?"

"तुम्ही व्यंग लिहून जे केलं, तेच."

तेव्हापासून मैत्री.

विद्यापीठाच्या बैठकीत एका साहेबांनी विचारलं, या पेपरचा विद्यार्थ्याला उपयोग काय? मॅडम म्हणाल्या, "त्याले दिसाले लागते."

साहेबांनी मिनिट्समध्ये लिहून घेतलं: उपयोग नमूद नाही.

नागपूरला म्युझियम दाखवायला त्या पोरांसोबत गावच्या बायाही न्यायच्या. एक म्हातारी काचेतल्या मूर्तीपुढे थबकली. "हिले काहून कोंडलं वं बाई?"

आम्ही हसलो. मॅडमनी तो प्रश्न जसाच्या तसा परीक्षेत घातला. दहा मार्क.

मी गुपचूप सोडवून पाहिला. तीनच्या वर नसते दिले त्यांनी.

आता मूर्तीचं.

नाकाडोंगरीच्या पुढे एक गाव आहे. नाव देत नाही, उद्या सेल्फीवाले पोचतील.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, देवीची जुनी दगडी मूर्ती. दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा भरते, नाटक होतं, आणि त्याआधी दरवर्षी देवीला ऑइलपेंटचा नवा हात बसतो. चेहरा चंदेरी, लुगडं हिरवं, ओठ लालभडक. रंगवणार डोमाजी पेंटर. नाटकाचे पडदेही तेच रंगवतात.

थरावर थर चढून देवीचं नाक गालात बुडालं होतं.

मॅडमनी या उन्हाळ्यात तिथे रविवारचा वर्ग सुरू केला. एसटीने जायच्या. पर्समधला आरसा काढून उन्हाची तिरीप मूर्तीवर आडवी पाडायच्या, म्हणजे झिजलेलं, बुजलेलं कामही सावलीने उठून येतं.

नियम एकच. ही कोण, ते बोलायचं नाही. काय दिसतं, तेवढंच सांगायचं.

मंडई कमिटीचे अध्यक्ष पहिल्याच दिवशी आडवे आले. "मॅडम, तुमी बुद्धाचे लोकं. आमच्या देवीशी तुमाले काय करायचं?"

"विश्वास तुमचा तुमच्यापाशी ठेवा जी. मी फक्त पाहाले सांगून राहिली."

डोमाजी त्यांच्याहून चिवट. "देवीले नवं लुगडं नेसवतो ना आपण? मंग नवा रंग काहून नाही?"

"लुगडं सोडता येते, डोमाजी. हा रंग सोडून दाखवा."

डोमाजींनी ब्रश खाली ठेवला. हा चमत्कार मी या डोळ्यांनी पाहिला आहे.

मग मॅडमनी त्यांनाच कामाला लावलं. मूर्तीला ब्रश लावायचा नाही. मूर्ती पाहून पडद्याच्या कापडावर चित्र काढायचं.

दोन रविवार गेले. चित्र काही जमेना. तिसऱ्या रविवारी डोमाजी उठले आणि लुगड्याच्या निऱ्यांवरून बोट फिरवलं.

थांबले. परत फिरवलं.

"मॅडम... ह्या निऱ्या नाही जी. मांडीवर लेकरू आहे."



मग बाया पुढे सरकल्या. एकेकीने हात लावून पाहिला. हे डोकं. ही पाठ. ही मूठ, आईचं बोट धरलेली.

डोमाजी खाली बसले. "माह्या बापानं रंगवलं, मी रंगवलं. लेकराच्या तोंडावर हिरवा हात मारत आलो."

"आता दिसलं ना?" मॅडम म्हणाल्या. "मंग आता नका मारू."

डोमाजींनी ऐकलं. कमिटीने नाही. कोण्या भक्ताने यंदा सोनेरी रंगाचे डबे पाठवलेत, आणि मंडई सोमवारी आहे. म्हणून या रविवारी मॅडम सगळ्या गावाला पाळीवर बोलावणार होत्या. एकदा सगळ्यांनी ते लेकरू पाहावं, मग काय ते ठरवावं.

आज अंत्यविधीला अध्यक्षही आले होते. हात जोडले, फूल वाहिलं, आणि बाहेर पडता पडता मला म्हणाले, "आता विषय संपला ना सर?"

माणूस वाईट नाही. फक्त घाईत आहे.

आयुष्यभर जिभेवर पोट भरलं, आणि नेमकी आज ती टाळूला चिकटली.

घरी पोचायच्या आत डोमाजींचा फोन.

"सर, रविवारी वर्ग हाय ना?"

"घेणार कोण, डोमाजी? मला तर शेवटपर्यंत निऱ्याच दिसत होत्या."

"मी घेतो ना जी."

"अध्यक्ष दुसरा पेंटर आणतील."

"आणू द्या. आधी त्याले वर्गात बसवू. मंग पाहू रंगवते का."

तर मित्रहो, रविवारी सकाळी, ऊन तिरपं असेल तेव्हा. शिक्षक: डोमाजी पेंटर. शिक्षण: चौथी. मी विद्यार्थी. ज्यांना यायचं त्यांनी मला कळवा, गावाचं नाव कानात सांगतो.

रडायचं मी सोमवारच्या पुढे ढकललंय.

मॅडम, माझ्या श्रद्धांजलीला तेवढा उशीर चालवून घ्या.