बोटभर फट

पुलाच्या रंगाऱ्याला सगळे ब्रशकाका म्हणत. एका टोकाकडून रंगवायला घ्यायचं आणि दुसरं टोक गाठेपर्यंत पहिल्यावर गंज चढलेला असायचा, की पुन्हा पहिल्यापासून. जन्म गेला त्यात. ‘‘यांचं खरं लग्न पुलाशी झालंय, मी आपली सवत,’’ असं बायको चारचौघांत म्हणायची. पण त्यात तक्रारीपेक्षा कौतुकच जास्त असायचं. पूल तिच्या माहेरचाच होता म्हणा ना. तिचे वडील तिथले जुने वस्ताद, आणि जावयाला ब्रश धरायला शिकवलं तेही त्यांनीच.

पूल ओतीव लोखंडाचा, तीन कमानींचा. कारखान्यात तुकडे ओतून, होड्यांतून आणून, बोल्टांनी जोडलेला. कमान आणि रस्ता यांच्या मधल्या जागेत लोखंडी कड्या. खांबापाशी गाडीच्या चाकाएवढ्या, मध्याकडे लहान होत होत शेवटची ताटलीएवढी. बघणाऱ्याला त्या फार देखण्या वाटत. आतून रंगवताना काकांची कोपरं सोलून निघत, ते कोण बघतो! वस्तादांचा नियम एकच होता. रस्त्याखालच्या तुळया जिथे दगडी खांबाला भिडतात, तिथली बोटभर फट कधी बुजवायची नाही. ओतीव लोखंड भार मुकाट सोसतं, पण उन्हात वाढल्यावर त्याला पसरायला जागा मिळाली नाही, तर ते सरळ तडकतं.

वस्ताद वारले. पुढे कुणी बडे पाहुणे पुलावरून जायचे होते, तेव्हा त्या फटी काकांच्या डोळ्यांत खुपू लागल्या. तिथून पाणी झिरपायचं, गंजाचे ओघळ यायचे, नव्या रंगाची पार वाट लागायची. काकांनी लोखंडाचा कीस आणि नवसागर कालवून सगळ्या फटी ठासून भरल्या. वाळल्यावर तो लगदा दगडासारखा झाला. साहेबांनी नुसता वरचा चकचकीत रंग बघून पाठ थोपटली आणि काका कितीतरी दिवस हवेत होते.

काही उन्हाळ्यांनंतर तुळयांना तडे गेले. तपासायला आलेल्या इंजिनिअर बाईंनी सहज विचारलं, ‘‘काका, या फटी कुणी बुजवल्या?’’

‘‘वस्तादांनी,’’ ते म्हणाले. ‘‘त्यांच्याच वेळचं काम ते.’’

मेलेला माणूस थोडाच उलटून बोलणार होता! बोललेलं परत घ्यावं असं काकांना त्याच संध्याकाळी वाटलं, मग रोजच वाटत राहिलं. पण तोवर ही गोष्ट गावभर झाली होती. पूल दुरुस्तीपलीकडे गेला होता. तो घणाखाली फुटू लागला, तेव्हा बायको बघायलाही गेली नाही. काका घरी आले, तर ती चुलीपाशी नुसतीच बसलेली.

‘‘बाबांच्या हातून असं व्हायला नको होतं,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या आयुष्यभराच्या कामाची माती झाली. त्यांच्या वतीने मी माफी मागते.’’

सांगायचं असेल तर आत्ताच, हे काकांना कळत होतं.

‘‘जाऊ दे गं,’’ ते म्हणाले. ‘‘माणूस आहे, चुकतो. मी काही मनात ठेवलेलं नाही.’’

दुसऱ्या दिवशी तिने भिंतीवरचा वडिलांचा फोटो उतरवला. तिचा हात पुरत नव्हता, म्हणून ती स्टुलावर चढली, आणि स्टूल काकांनी धरलं.