वंदनाताईंनी निवडलेले मासे

मानेवाडा रोडवर लहान मुलांच्या दातांचा एक दवाखाना आहे. आत गेलं की काउंटरवर वंदना पचारे भेटतात. अकरा वर्षं झाली त्यांना तिथे. फाइल काढणं, नंबर लावणं हे काम आहेच, पण त्यांचं खरं काम म्हणजे रडवेल्या पोरांना गोडीगुलाबीने खुर्चीपर्यंत नेणं. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

गेल्या दिवाळीनंतर दवाखान्याच्या डॉक्टर गार्गी यांनी वेटिंग रूममध्ये साडेतीन फुटांचा काचेचा टँक बसवून घेतला. तळाला काळी माती, तिच्यात हिरवीगार झाडं, वरून पांढराशुभ्र लाइट. टँक बसवणाऱ्याने मासेही आपल्याच मनाने सोडले. दोन गोल्डफिश, एक मोठा एंजल, तीन पट्टेरी टायगर बार्ब आणि दहा निळे-लाल निऑन. पहिले आठ दिवस मुलं काचेला नाक लावून बसायची. महिनाभरात मात्र सगळं बिघडलं. गोल्डफिशनी झाडं मुळासकट उपटली. टायगर बार्बनी एंजलच्या लांब परांच्या चिंध्या केल्या. निऑन तर एकेक करून कमी व्हायचे, आणि ते जातात कुठे ते कळत नव्हतं.

ते कळलं एका मंगळवारी. सहा वर्षांची पायल आईचा हात धरून टँकसमोर उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत एंजलने एक निऑन पकडला. अर्धा मासा तोंडात, शेपूट बाहेर. पायलने जी किंकाळी फोडली ती थांबेचना. दात न दाखवताच आईला तिला घरी न्यावं लागलं.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाल्या, "टँक काढून टाकू या, वंदनाताई. आपल्याकडे येणारी मुलं आधीच घाबरलेली असतात."

"मॅडम, मला दोन महिने द्या."

"तुम्हाला यातलं कळतं?"

वंदनाताई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "मला नाही कळत. पण ज्यांना कळतं ते माझ्या घरी आहेत."

घरी होते त्यांचे वडील, गणपतराव. खाप्याचे ढिवर. कन्हान नदीत जाळं टाकण्यात त्यांचा जन्म गेला. गुडघे कामातून गेले तेव्हा वंदनाताईंनी त्यांना नागपूरला आपल्याकडे आणलं. पण वडील काय करायचे हे दवाखान्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. शाळेत असताना हिच्या दप्तराला मासळीचा वास येतो म्हणून मुली वंदनाजवळ बसत नसत. ती गोष्ट त्यांच्या मनातून कधी गेली नव्हती. कोणी विचारलंच तर "नदीकाठी असतात" एवढं सांगून त्या विषय बदलायच्या.

रविवारी दवाखाना बंद असतो. वंदनाताई किल्ली घेऊन वडिलांना ऑटोने घेऊन आल्या. गणपतरावांनी आधी हसून घेतलं.

"खायचे नाही, इकायचे नाही, अन् मासे पाळता? काहून?"

"पोरायले पाहाले, बा."

मग ते खुर्ची ओढून टँकसमोर बसले. एक तास झाला तरी उठले नाहीत. वंदनाताईंनी चहा आणून दिला, तो त्यांनी काचेवरची नजर न हलवता प्यायला.

"हे मासे एका नदीचे नोहे, वंदे," ते शेवटी म्हणाले. "हा लंबा परावाला सुस्त आहे, अन् हे पट्टेवाले चपळ. चपळवाला सुस्तले सतावणारच. अन् हे तीनच काहून आणले?"

"टँकवाल्यानं देले."

"आपल्या कन्हानीत कोतरी राहते न, बोटभर? एकटीदुकटी कोतरी मले जन्मात सापडली नाही. सापडली त समजाचं, बिमार आहे. झुंडीत राहणारा मासा कमी पडला का तो एक त भेतो, नाही त दुसऱ्याच्या अंगावर जाते. हे पट्टेवाले आपसात खेळले असते. तीनच हायेत म्हणून त्याच्या मागं लागले."

वंदनाताईंनी मोबाइलवर पाहिलं. टायगर बार्बबद्दल तिथेही नेमकं हेच लिहिलं होतं.

त्यांनी आधी टँक रिकामा केला. गोल्डफिश डॉक्टरांच्या बंगल्यातल्या हौदात गेले. टायगर बार्ब आणि उरलेले चार निऑन सीताबर्डीच्या मागच्या गल्लीत मार्तंडचं रंगीत माशांचं दुकान आहे, तिथे देऊन टाकले. फाटक्या परांचा एंजल मात्र कोणी घेईना. तो वंदनाताईंनी घरी नेला आणि दोन फुटांच्या टाकीत ठेवला. जन्मभर मासे पकडलेला माणूस आता रोज सकाळी त्याला चिमटीने खाऊ घालू लागला. महिन्याभरात परही भरून आले.

नवीन मासे घ्यायला दोघं बापलेक मार्तंडच्या दुकानात गेली. मार्तंड बोलघेवडा माणूस.

"ताई, मिक्स घ्या. हरेक जातीचे दोन-दोन. टँक एकदम रंगीत दिसते."

"दोन-दोन नको. एक-दोनच जाती द्या, पण भरपूर."

"मग निऑन घ्या. कालच कोलकात्याहून माल आला."

गणपतराव काचेवर वाकले. "भाऊ, इथलं पाणी किती दिवसापासून पिऊन राहिले हे?"

मार्तंड हसला. "काका, तुमाले खरं सांगतो. आपलं बोअरचं पाणी जड आहे, अन् उन्हाळा तुमाले माहीतच आहे. निऑनले दोन्ही जमत नाही. टिकले त टिकले."

मग झेब्रा डॅनिओ पाहिले. चपळ, काटक, उन्हाळ्याला पुरून उरणारे. वंदनाताईंना ते आवडले. पण गणपतरावांनी दाणा टाकायला सांगितला आणि मान हलवली. वर दाणा पडतो न पडतो तोच माशांनी तो फस्त केला. "तळाले दुसरे मासे ठेवले त हे त्यायले उपाशी मारतीन."

कोपऱ्यातल्या टाकीत हार्लेक्विन रासबोरा होते. तांबूस अंग, शेपटीकडे काळा त्रिकोण, जेमतेम दीड इंचाचे. दोन महिन्यांपासून ते त्याच पाण्यात होते. दाणा टाकल्यावर सगळे मिळून आले, खाल्लं आणि पुन्हा मधल्या पाण्यात जाऊन थांबले. झाडांना तोंड लावलं नाही.

"हे चांगल्या घरचे आहेत," गणपतराव म्हणाले.

तळासाठी कॉरिडोरास ठरले, मिशांनी मातीतला उरलासुरला दाणा हुंगत फिरणारे. मधलं पाणी एकाचं, तळ दुसऱ्याचा. एकमेकांच्या वाटेत यायचं कारणच नाही.

मार्तंड म्हणाला, टँक नुकताच रिकामा केलाय, एकदम सगळे सोडू नका. म्हणून पहिल्यांदा सहा रासबोरा आणि सहा कॉरिडोरास आणले. कॉरिडोरास लगेच कामाला लागले. रासबोरा मात्र झाडांमागे दडले. रंग उडून पांढुरके दिसू लागले. चौथ्या दिवशी एक मेला. डॉक्टर येता-जाता टँककडे पाहायच्या. त्या दुपारी वंदनाताईंना डबा गेला नाही.

"बा, मी चुकली वाटते," घरी येऊन त्या म्हणाल्या.

"चुकली नाहीस वं. पाच घरांचं गाव होते का? आणखी आण. अन् तो लाइट कमी कर. पाण्यात एवढं ऊन कुठं राहते?"

वंदनाताईंनी लाइट मंद केला, सावलीसाठी वर तरंगणारी थोडी पाणवनस्पती सोडली आणि काचेला टेकून ठेवलेलं बाक दोन हात मागे सरकवलं. पंधरा दिवस पाणी नीट राहिलं तेव्हा आणखी सात रासबोरा आणले. ते सोडले त्या दिवशी काही घडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दार उघडलं, तर बाराही मासे झाडांसमोरच्या मोकळ्या पाण्यात एका दिशेला तोंड करून उभे होते. एक वळला की सगळे वळायचे. रंग असा चढला होता की जणू तांब्याची भांडी नुकतीच घासून ठेवलीत. पर्स खांद्यावरच ठेवून वंदनाताई तिथे उभ्या राहिल्या. पहिला पेशंट आला तरी त्यांना पत्ता नव्हता.

पायल एप्रिलमध्ये परत आली. आधी आईच्या मागून डोकावली.

"तो मोठा कुठे आहे?"

"तो माझ्या घरी राहतो. माझे बाबा त्याला जेवू घालतात."

"आणि हे एकमेकांना खातात?"

"नाही. हे एकमेकांशिवाय राहूच शकत नाहीत."

पायल बराच वेळ उभी राहिली. आतून नाव पुकारलं तेव्हा आईचा हात सोडून ती स्वतः चालत गेली. इंजेक्शन पाहून रडली, ती रडलीच. पण दात भरून झाला.

त्या दिवशी पायलच्या आईने विचारलं, "तुम्ही माशांचा काही कोर्स केलाय का हो?"

"नाही. माझे वडील ढिवर आहेत, खाप्याचे. मासा त्यांना कळतो." वंदनाताई हे इतक्या सहज बोलून गेल्या की आपण काय बोललो ते त्यांना नंतर जाणवलं. आत डॉक्टर गार्गींनी ते ऐकलं होतं. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "मग काकांना एकदा दवाखाना चालू असताना आणा ना. सगळ्यांना भेटू दे."

तेव्हापासून गणपतराव दर गुरुवारी येतात. पांढरी टोपी घालून टँकजवळच्या खुर्चीत बसतात आणि पोरांना कन्हानच्या गोष्टी सांगतात. नंबर आला तरी पोरं उठत नाहीत, अशी नवीच तक्रार आता वंदनाताईंची असते.

जूनमधल्या एका सोमवारी सफाई करणाऱ्या कांताबाई फडकं घेऊन काच पुसायला गेल्या आणि ओरडल्या, "ताई, काचेले आतून काय चिकटलं पाहा!" मोहरीएवढे पंधरा-वीस पांढरट मणी होते. वंदनाताईंनी आधी कांताबाईंचा हात धरला, मग वडिलांना फोन लावला.

"अंडे आहेत ते," गणपतराव म्हणाले. "ते तळातले मिशीवाले, त्यायचे. पुसू नको देऊ."

"बाकीचे खातीन का, बा?"

"काही खातीन, काही राहतीन. मासा जागा पाहून अंडे देते वं. त्यायले जागा आवडली, एवढं समज. मी ऑटोनं येऊन राहिलो."

त्या दिवशी गुरुवार नव्हता, तरी ते आले.